बोट लढायेक गेली

गेल्या वर्षी माझ्या परिचयातील एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी एक विषय सुचवला होता : ‘दक्षिण कोकणातील आगबोट आणि महायुद्धाचा काळ : मौखिक कथने व मराठी साहित्य’. मुलगी मालवणची. विषय परत आला. सोबतच्या टिपणात दोनच वाक्ये होती. पहिले असे की हा विषय इतिहास विभागाच्या कक्षेत येतो. दुसरे असे की महायुद्धाचा प्रत्यक्ष अनुभव मराठी समाजाने घेतलेला नसल्यामुळे पुरेशी साहित्यसामग्री मिळणार नाही. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. हे टिपण महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठी विभागातून निघू शकले असते, आणि वीसेक वर्षांपूर्वी मला विचारले असते तर मीही जवळजवळ हेच लिहिले असते. म्हणूनच त्या दोन वाक्यांशी भांडावे असे वाटले.

विषयाचे बीज मुलीच्या पणजीच्या एका वाक्यात होते. म्हातारी घरातल्या जुन्या घटनांची वर्षे आकड्यांनी सांगत नसे. कोणाचे लग्न, कोणाचे मरण, कुठली विहीर कधी खणली, हे सगळे ती ‘बोट लढायेक गेली त्या वर्सा’च्या अलीकडे किंवा पलीकडे लावत असे. घरात सर्वांना वाटे की हे तिचे बोलणे लाक्षणिक आहे. युद्धामुळे बोटसेवा बंद पडली असेल आणि म्हातारीने तिला लढाईला पाठवून दिले असेल! पणतीने मात्र शोध घेतला आणि तिच्या ध्यानात आले की वाक्य अक्षरशः खरे आहे. बोटी खरोखरच लढाईला गेल्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीकडे लढाऊ जहाजे बोटांवर मोजण्याइतकी होती. किनाऱ्याची गस्त घालायची, बंदरांच्या तोंडाशी सुरुंग शोधायचे, पडाव-बार्जेस ओढून न्यायचे, तर हाताशी असेल ते जहाज घेणे भाग होते. सरकारने किनारी वाहतुकीतल्या प्रवासी व माल नेणाऱ्या आगबोटी ताब्यात घेतल्या, त्यांच्यावर तोफा चढवल्या आणि नावामागे ‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’ ही उपाधी जोडली. ही नावे वाचावीत : पार्वती, प्रभावती, हिरावती, दीपावती, लीलावती, कलावती. एखाद्या जुन्या घरातल्या सासवा-सुनांची हजेरी घ्यावी तशी ही यादी आहे. इंग्लंडच्या राजाची पार्वती! साहित्याच्या विद्यार्थ्याला एवढ्या एका नामपट्टीवर थांबावेसे वाटू नये, याचे मला राहून राहून नवल वाटते.

पार्वती तांबड्या समुद्रात गेली आणि ३० एप्रिल १९४१ रोजी असाब बंदराजवळ सुरुंगाने बुडाली. प्रभावतीची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. डिसेंबर १९४१ मध्ये ती दोन बार्जेस घेऊन कराचीकडे निघाली होती. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्याला एक-दोन दिवसच झाले होते आणि अरबी समुद्रातल्या प्रत्येक ब्रिटिश अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे जपानी पाणबुडी नाचत होती. लक्षद्वीपच्या बाजूला रात्रीच्या अंधारात ‘ग्लासगो’ या ब्रिटिश क्रूझरने प्रभावतीची आणि तिच्या बार्जेसची आकृती पाहिली, ती पाण्यावर आलेली जपानी पाणबुडी आहे असा समज करून घेतला आणि सुमारे सहा हजार यार्डांवरून तोफा डागल्या. प्रभावती बुडाली. मग ग्लासगोनेच वाचलेल्या माणसांना पाण्यातून काढले आणि मुंबईला आणून सोडले. मारणारा तोच, तारणाराही तोच. प्रभावती ज्या साम्राज्यासाठी लढाईला गेली होती, त्याच्याच तोफेने संपली.

टिपणातले दुसरे वाक्य मी आता पुन्हा वाचतो : महायुद्धाचा प्रत्यक्ष अनुभव मराठी समाजाने घेतलेला नाही. रॉयल इंडियन मरीनच्या दिवसांपासून नौदलातल्या खलाशांची भरती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून, त्यातही कोकणी मुसलमानांतून होत आली होती. सिंधुदुर्ग हा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी देवगड, मालवण, वेंगुर्ला हे सारे रत्नागिरीतच मोडत. पी. अँड ओ.सारख्या कंपन्यांच्या मोठ्या जहाजांवरही डेकचे खलाशी रत्नागिरी आणि गुजरातकडचे, इंजिनापाशी कोळसा ओढणारे आगवाले पंजाब-सरहद्दीकडचे, आणि सलूनमधले नोकर गोव्याचे, अशी वाटणी रूढ होती. म्हणजे जगातल्या दोन्ही महायुद्धांत ज्या समुद्रांवर जहाजे बुडाली, त्या समुद्रांवर आपल्या किनाऱ्याची माणसे हजर होती. त्यांचा अनुभव ‘प्रत्यक्ष’ नाही असे म्हणायचे असेल तर त्याचा एकच अर्थ होतो : ज्यांना अनुभव आला ती माणसे ‘मराठी समाजा’त मोजलेली नाहीत. गाबीत, खारवी, दालदी, कोकणी मुसलमान यांना वगळून जो समाज उरतो, त्याला मात्र युद्धाचा अनुभव वर्तमानपत्रातून आला, हे खरेच आहे.

या वाक्यातली दुसरी गंमत आपल्या अभ्यासक्रमातच आहे. आधुनिक मराठी काव्याच्या तासाला आपण काय शिकवतो? दुसऱ्या महायुद्धाने माणसाच्या श्रद्धा उद्ध्वस्त केल्या, यंत्रयुगाने त्याला मुंगी केले, आणि या विदारक जाणिवेतून मर्ढेकरांची नवकविता जन्मली. ‘काही कविता’ १९४७ची. तारीख सोयीची आहे. हाच शिक्षक पुढच्या तासाला कादंबरीकडे वळतो आणि सांगतो की युद्धाची झळ आपल्याला न लागल्यामुळे मराठीत युद्धसाहित्य समृद्ध झाले नाही. दोन्ही विधाने एकाच वहीत एकाखाली एक लिहिली जातात आणि कुणाला खटकत नाहीत. ती एकत्र कशी नांदतात याचे उत्तर उघड आहे. आपल्या समीक्षेच्या मते महायुद्ध मराठीत आले ते लंडनहून, एलियटच्या पुस्तकाबरोबर. ते बोटीनेच आले, हे कबूल; पण टपालाच्या पिशवीतून आले. ज्या बोटीवर ती पिशवी होती, त्या बोटीच्या सुकाण्यावर कोण उभे होते हा प्रश्न वाङ्मयीन नव्हता.

‘रणांगण’चे नाव कोणीतरी काढणारच, तेव्हा ते मीच काढतो. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ची. युरोपातून परतणारी बोट, तीवर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. मराठीत जहाजाच्या पोटात युद्ध पाहणारी अशी दुसरी कादंबरी मला दाखवता येणार नाही आणि तिच्या मोठेपणाविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण आपण ती कशी वाचली ते पाहावे. प्रेमकथा म्हणून वाचली, अस्तित्वाच्या प्रश्नाची कथा म्हणून वाचली, वंशद्वेषाची कथा म्हणूनही वाचली. बोट मात्र नेपथ्य राहिली. चक्रधर मुंबईला उतरतो, बोट हॅर्टाला घेऊन पूर्वेकडे जाते, आणि मराठी समीक्षक नेमाने चक्रधरबरोबर धक्क्यावर उतरतो. मला वाटते, आपल्या सगळ्या समुद्रविषयक वाचनाचे हे सार आहे. आपण प्रवासी म्हणून चढतो आणि आपले बंदर आले की उतरतो.

कोकणातल्या आगबोटीविषयी जे ललित लेखन झाले ते याच प्रवाशाचे. पावसाळा सरल्यावर सुरू होणारी बोट, धक्क्यावरची गर्दी, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड असे एकेक बंदर मागे टाकत येणारी मालवण-वेंगुर्ल्याची वाट, खडकांमुळे बाहेरच नांगरलेली बोट, तिच्याकडे झेपावणारे पडाव, उलट्या, ट्रंका, बोटीचा भोंगा, किनाऱ्यावर उभी आई. हे सारे खरे होते आणि त्यातले काही चांगले लिहिले गेले आहे; दिवाळी अंकांत अजूनही लिहिले जाते. माझी तक्रार या स्मरणरंजनातल्या गोडव्याविषयी नाही. तक्रार अशी की या लेखनात बोट नजरेआड झाली की अस्तित्वातून जाते. १९३९ ते १९४५ या वर्षांत ती कोठे होती, परत आली ती तीच होती का, की तिच्या जागी दुसरी आली, हे विचारण्याची गरज लेखकाला भासत नाही. चाकरमान्याला घरी पोचवणे एवढेच तिचे चरित्र.

मंगेश पाडगावकर, चिं. त्र्यं. खानोलकर, जयवंत दळवी हे तिघे वेंगुर्ल्याच्या परिसरातले. युद्ध सुरू झाले तेव्हा पाडगावकर दहा वर्षांचे, खानोलकर नऊ, दळवी चौदा. मराठी वाङ्मयाच्या पुढच्या अर्धशतकातले एवढे मोठे तीन लेखक एकाच किनाऱ्यावर, एकाच युद्धाच्या सावलीत वाढले. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला. भात खाणाऱ्या किनाऱ्यावर त्याचा अर्थ काय होतो हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. तरी या तिघांवरच्या प्रबंधांत आपण दारिद्र्य शोधतो, दैव शोधतो, भुतेखेते शोधतो, निसर्ग तर शोधतोच. त्या दारिद्र्याला एक तारीख असू शकते आणि ती रंगूनची असू शकते, ही शक्यता मार्गदर्शक सुचवत नाहीत. देशीवादाने या बाबतीत मदत केली असती असे वाटले होते. पण आपल्या देशीवादाचा ‘देश’ शेवटी जमीनच निघाला. समुद्र आला की देश संपतो, असा त्याचा नकाशा आहे. ‘प्रादेशिक’ या खणात पेंडशांच्या कादंबऱ्या ठेवल्या की कोकणाची वाङ्मयीन जबाबदारी संपली असे आपण मानले.

‘आगबोट’ हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाला एकच नाव आठवते : रामदास. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्याआधीची तुकाराम आणि जयंती, दोन्ही ११ नोव्हेंबर १९२७च्या वादळातल्या. या दुर्घटनांवर लेख आहेत, आठवणी आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. पण हेही पाहावे की रामदास लक्षात राहण्याचे एक कारण तिचे बुडणे आपल्या ओळखीच्या साच्यात बसते हे आहे. आषाढ अमावास्या, खवळलेला दर्या, घरी वाट पाहणारी माणसे. प्रभावतीच्या बुडण्याला साचा नाही. तिथे वादळ नव्हते. तिथे एक घाबरलेला मित्र होता आणि त्याच्याकडे तोफा होत्या. बुडणे आपल्या साहित्याला समजते. बुडवले जाणे समजत नाही, कारण त्यासाठी बुडवणाऱ्याचे नाव घ्यावे लागते.

जहाजाचे चरित्र हा कथनप्रकार म्हणून कसा वाचायचा, असा प्रश्न त्या टिपणाच्या लेखकाला पडला असता तर मी एक उदाहरण दिले असते, आणि तेही आपल्याच समुद्राचे. जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्ग येथे १९१३ साली ‘वाख्टफेल्स’ नावाचे एक मालवाहू जहाज बांधले गेले. मालक ब्रेमेनची हान्सा कंपनी. ही कंपनी हिंदुस्थानच्या व्यापारावर पोसलेली, आणि तिच्या जहाजांची नावे ‘फेल्स’ने, म्हणजे खडकाने, संपत. पुढच्याच वर्षी युद्ध झाले. हे साधे, संथ, कुणाच्या नजरेत न भरणारे जहाज जर्मन नौदलाने निवडले ते त्याच्या सामान्यपणासाठी. त्याच्या कठड्यांमागे तोफा दडवल्या, पोटात शेकडो सुरुंग भरले, एक छोटे समुद्री विमान सुटे करून ठेवले, धुराडे आणि डोलकाठ्या कमी-जास्त उंचीच्या करता येतील अशी सोय केली आणि नाव ठेवले ‘वोल्फ’. ३० नोव्हेंबर १९१६ रोजी निघालेले हे जहाज ४५१ दिवस कुठल्याही बंदराला न लागता फिरत राहिले. फेब्रुवारी १९१७ मध्ये त्याने कोलंबो, कन्याकुमारी आणि मुंबई यांच्या समोर सुरुंग पेरले.

ते सुरुंग पावसाळ्यापर्यंत पाण्यात गप्प होते. २३ जून १९१७ रोजी पी. अँड ओ. कंपनीची टपाल आणि प्रवासी घेऊन निघालेली ‘मंगोलिया’ मुंबईच्या बाहेर त्यांतल्या एकावर आदळून बुडाली. वीसहून अधिक माणसे गेली. त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात आणखी जहाजे त्याच पाण्यात गेली. दरम्यान वोल्फने अरबी समुद्रात ‘टुरिटेला’ नावाचे ब्रिटिश जहाज पकडले. पकडल्यावर कळले की ही तर हान्सा कंपनीचीच जुनी ‘गुटेनफेल्स’, युद्धाच्या आरंभी इंग्रजांनी हिसकावून नाव बदललेली! जर्मनांनी तिचे तिसरे-चौथे बारसे केले, तिच्यावरही सुरुंग चढवले आणि एडनकडे पाठवले. आठवडाभरातच इंग्रज युद्धनौका समोर आली तेव्हा तिच्या खलाशांनी तिला स्वतःच्या हाताने बुडवले. एवढ्या वेळा मालक, निशाण आणि नाव बदललेल्या पात्राविषयी आपण कादंबरीत वाचले असते तर ‘ओळखीचे संकट’ या विषयावर किमान तीन शोधनिबंध निघाले असते.

वोल्फ फेब्रुवारी १९१८ मध्ये चारशेहून अधिक कैद्यांसह मायदेशी पोचले. युद्ध हरल्यावर ते फ्रान्सला द्यावे लागले. फ्रेंचांनी ‘अँटिनस’ नावाने ते पुन्हा मालवाहतुकीला लावले आणि १९३१ साली इटलीत ते मोडीत निघाले. पहारा करणारा खडक, मग लांडगा, मग ग्रीक पुराणातला तरुण. लोखंड तेच.

या कंपनीशी आपल्या किनाऱ्याचा संबंध तिथे संपला नाही. १९३९ मध्ये हान्साच्याच ‘एहरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ या जहाजांनी मुरगाव बंदरात आश्रय घेतला. गोवा पोर्तुगीज, पोर्तुगाल तटस्थ. वेंगुर्ल्याहून निघालेला मचवा काही तासांत पोचेल अशा अंतरावर जर्मन जहाजे साडेतीन वर्षे नांगर टाकून होती. तेथून पाणबुड्यांना गुप्त संदेश जातात असा ब्रिटिशांचा समज झाला, आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतल्या प्रौढ गोऱ्या साहेबांनी एका मालवाहू बार्जमधून येऊन एहरेनफेल्सवर चाल केली. जर्मनांनी आपली जहाजे जाळली, बुडवली. यावर जेम्स लीझर यांनी १९७८ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि १९८० मध्ये ‘द सी वूल्व्ह्‌ज’ हा चित्रपट आला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन. चित्रीकरण गोव्यातच झाले. आपल्या दारातले युद्ध आपण तिकीट काढून पाहिले.

सामग्री नाही, हा आक्षेप मी गंभीरपणे घेऊ शकत नाही. भारतीय नौदलाच्या युद्धकालीन कामगिरीचा अधिकृत इतिहास १९६४ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. जहाजांच्या नोंदणीची पुस्तके आहेत, बोट कंपन्यांच्या वर्तमानपत्री जाहिराती आहेत, किनाऱ्यावरच्या घरांत खलाशांच्या नोकरीची पुस्तके अजून सापडतात. उणीव आहे ती हे कागद साहित्य म्हणून वाचण्याच्या इच्छेची. आणि हा इतिहास विभागाचा विषय, हे पहिले वाक्य? इतिहास विभाग प्रभावती कधी व कोठे बुडाली ते सांगेल. मालवणच्या एका बाईने पन्नास वर्षे आपले सगळे आयुष्य एका बोटीच्या जाण्याने का मोजले, ‘गेली’ या क्रियापदात तिने माणसाचे जाणे आणि बोटीचे जाणे कसे एक केले, हे सांगणे मराठी विभागाचे काम नसेल तर मग कोणाचे?

भाषेचेही तसेच. अमिताव घोष यांची ‘सी ऑफ पॉपीज’ २००८ मध्ये आली तेव्हा तिच्यातल्या लष्करी, म्हणजे खलाशांच्या मिश्र बोलीचे आपल्या चर्चासत्रांतून केवढे कौतुक झाले! मीही एक निबंध वाचला. घोष यांनी १८११ साली निघालेला टॉमस रोबक यांचा नौकानयनाचा कोश धुंडाळला होता. ते त्यांचे श्रेय आहे. पण ज्या बोलीसाठी बंगाली-इंग्रजी लेखकाला दोनशे वर्षांपूर्वीचा कोश उघडावा लागला, तिचे शब्द आपल्या एका विद्यार्थिनीला तिच्या पणजीच्या ओटीवर मिळत होते, आणि आपण तिला सांगितले की सामग्री उपलब्ध नाही.

ती आता ‘जयवंत दळवींच्या कथांतील विनोद’ या विषयावर लिहीत आहे. विषय वाईट नाही. मार्गदर्शकही चांगले आहेत असे ती म्हणते. गोळा केलेल्या शब्दांची एक दोनशे पानी वही तिने मला वाचायला दिली. तिचे पणजोबांचे भाऊ किनाऱ्याच्या बोटीवर खलाशी होते, बरेच शब्द त्यांच्याकडून घरात आलेले. सारंग, तांडेल, सुकाणी, कसब, आगवालो, टोपास. काहींच्या पुढे अर्थ आहे, काहींच्या पुढे नुसते प्रश्नचिन्ह. ‘भंडारी’ या शब्दापुढे तिने लिहिले आहे : ‘हंयसर जात. बोटीवर रांधणारो.’ वहीची शेवटची साठेक पाने कोरी आहेत. ती तिने अजून परत मागितलेली नाही.